वडांच्या रांगेला पाणी कुणी घातलं?

(रेडिओवरील भाषण)

सांजचा स्वयंपाक चुलीवर असेल, नाहीतर शेंगा फोडायचं काम पुढ्यात असेल. हात चालू द्या, नुसता कान इकडं ठेवा. आज मी तुम्हांला एका रस्त्यावर घेऊन जाणार आहे. त्या रस्त्यावर देऊळ नाही, किल्ला नाही. दोन्ही बाजूंना वड आहेत, बस्स. पण त्या वडांपायी आमच्या गटातल्या एका मावशींनी असा प्रश्न विचारला, की शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या मला त्याचं उत्तर पटकन देता आलं नाही.

झालं असं. आमच्या बचत गटातल्या काही जणी हैदराबादला प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथं राजेंद्रनगरात ग्रामीण विकासाची राष्ट्रीय संस्था आहे, आपल्यापैकी बऱ्याच जणी तिथं जाऊन आल्या असतील. डाळी, मसाले, त्यांचं पॅकिंग, हिशेबाच्या वह्या असं आठवडाभर चाललं. मधे रविवार आला. कुणी म्हणालं चारमिनार बघू, कुणी म्हणालं चिलकूरचा बालाजी. बालाजीला जास्त हात वर झाले. तिथली पद्धत तुम्हांला सांगते, नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा घालायच्या आणि नवस पुरा झाला की एकशेआठ. आम्ही अकरा घातल्या. दर्शन लवकर आटोपलं. जीपवाला चांगला माणूस होता. मोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, अजून वेळ आहे. पुढं चेवेल्ल्याच्या रस्त्यानं जरा जाऊन येऊ. झाडं बघण्यासारखी आहेत."

झाडं काय बघायची, आमच्या मनात आलं. आपल्याकडं झाडं नाहीत का? पण मोईनाबाद मागं पडलं आणि गाडीत सगळ्या एकदम गप्प झाल्या.

हा हैदराबादहून विजापूरला जाणारा जुना रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना वड. एक-दोन नाहीत, शहराबाहेरच्या चौकापासून मन्नेगुड्यापर्यंतच्या ४६ किलोमीटरांत जवळपास नऊशे. बुंधे असे, की दोघी-तिघींनी हात धरले तरी कवेत येईनात. वरती दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या. बाहेर कडक ऊन, आणि रस्त्यावर नुसते उन्हाचे कवडसे सांडलेले. पारंब्या मात्र रस्त्याच्या बाजूला जमिनीपर्यंत पोचलेल्याच नाहीत. ट्रक, बस येता जाता त्यांची टोकं तोडत जातात. शेताच्या बाजूच्या पारंब्या तेवढ्या खाली उतरून खांबासारख्या जाड झाल्यात. एका वडाखाली दोन बाया सीताफळं विकत बसल्या होत्या. आम्ही उतरलो, सीताफळं घेतली, तिथंच बसून खाल्ली. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हांला तेलुगू येत नव्हतं. तरी भाव मात्र नीट झाला.

मावशी मान वर करून बघत होत्या. त्यांनी जीपवाल्याला विचारलं, "ही कुणी लावली?"

तो म्हणाला, "निजामानं."

मावशी म्हणाल्या, "निजामानं लावली. बरं. अन् पाणी कुणी घातलं?"

जीपवाला हसला, आम्हीही हसलो. पण रात्री खोलीवर आल्यावर तो प्रश्न काही मला झोपू देईना. रोप लावायला एक दिवस लागतो, तोसुद्धा पावसाळी. त्यानंतर दोन-तीन उन्हाळे रोज पाणी घालावं लागतं. गुरं तोंड घालणार नाहीत म्हणून काटेरी कुंपण करावं लागतं. नऊशे झाडं गुणिले तीन उन्हाळे, करा हिशेब. घागरी किती झाल्या?

आता तुम्ही म्हणाल, हा तेलंगणातला रस्ता, त्याचं आपल्याला काय? सांगते. चिलकूरजवळ एक मोठा तलाव आहे, त्याचं नाव उस्मानसागर. हैदराबादेत १९०८ साली मुसी नदीला भयंकर पूर आला होता. तसा पूर पुन्हा येऊ नये आणि शहराला पाणी मिळावं म्हणून तो तलाव बांधला, १९२० साली पुरा झाला. ज्या निजामाचं नाव त्या तलावाला आहे, त्याच मीर उस्मान अली खानाच्या नावावरून आपल्या धाराशिवला उस्मानाबाद म्हणत होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण सगळे त्याच राज्यात होतो. आपली सरकारी वाट हैदराबादकडंच जायची. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, पुढं हुमनाबाद, जहीराबाद. तेव्हा चेवेल्ल्याचा रस्ता आणि आपला रस्ता हे एकाच घरातले समजा. आपल्या रस्त्यांनाही चिंचा होत्या, कडुनिंब होते, वड होते. नळदुर्गकडं जाताना जुन्या माणसांना विचारा, कुठल्या वळणावर कुठलं झाड होतं ते अजून सांगतात.

झाडं लावायची कशासाठी? शोभेसाठी नव्हे. तेव्हा रस्ता म्हणजे बैलगाडी. भरलेली गाडी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर गेली तरी खूप झालं. चैत्र-वैशाखात बैलाला सावली मिळाली नाही तर बैल बसायचा आणि बैल बसला की माणूसही बसला. म्हणून रस्त्याला सावली, ठराविक अंतरावर विहीर आणि रात्रीला धर्मशाळा किंवा सराई, अशा तीन गोष्टी लागायच्याच. आज रस्त्याला पेट्रोल पंप लागतो ना, तशीच तेव्हा चिंच लागायची. चिंचेला आणखी एक गुण, तिचं फळ विकता येतं. रस्त्याकडेच्या चिंचा-आंब्यांचा सरकारी लिलाव व्हायचा, त्याचे पैसे खात्यात जमा व्हायचे. म्हणजे झाडं नुसती उभी नव्हती, कमावत होती.

आपल्या भागातले रस्ते किती जुने, हे जाणायला तेरला जाऊन या. गोरोबाकाकांचं तेर म्हणून आपण जातो, डोकं टेकवतो आणि परत येतो. तिथलं लामतुरे संग्रहालय बघायचं बहुतेक जणी विसरतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेरला तगर म्हणत. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासी-पुस्तकात लिहिलंय, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून साधं कापड, तलम कापड गाड्यांत भरून रस्ते नसलेले मोठमोठे मुलूख तुडवत भडोचच्या बंदरावर जातं. भडोच गुजरातेत. तेरहून भडोच! कापड कुणी विणलं, सूत कुणी कातलं, हा प्रश्न मावशींच्या प्रश्नाचाच भाऊ आहे, पण तो पुन्हा कधीतरी.

रस्त्याकडेला झाडं लावल्याचा आपल्या देशातला जुन्यातला जुना लेखी दाखला सम्राट अशोकाचा. सव्वादोन हजार वर्षं झाली. दिल्लीत आज एक दगडी खांब उभा आहे, तो आधी टोपरा नावाच्या गावात होता, फिरोजशहा तुघलकानं तो दिल्लीला आणवला. त्यावर कोरलंय, की रस्त्यांवर मी वड लावले, जनावरांना आणि माणसांना सावली व्हावी म्हणून. आमराया लावल्या, विहिरी खोदवल्या, विसाव्याच्या जागा केल्या. जनावरं आधी लिहिलीत आणि माणसं नंतर, हे मला फार आवडतं. आणि पुढं तो प्रामाणिकपणे म्हणतो, की ही सुखं आधीच्या राजांनीही दिली होती. म्हणजे ही रीत अशोकाच्याही आधीची. पण मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या खांबावरही नाही. राजा म्हणतो, मी लावले.

दुसरा कागद आपल्या मराठी राज्याचा आहे, आणि तो वेगळं बोलतो. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलं. शिवाजी महाराजांच्या काळापासून ज्यांनी राज्य चालवलं त्या माणसाचा अनुभव त्यात आहे. आरमाराला, म्हणजे जहाजांना लाकूड लागायचं, त्या प्रकरणात हा विषय येतो. अमात्य सांगतात, की आंबा, फणस ही लाकडं जहाजाच्या कामाची खरी, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लावून लेकरांसारखी फार दिवस जपून वाढवलेली असतात. ती तोडली तर त्या लोकांच्या दुःखाला सीमा राहणार नाही. एखादं झाड जीर्ण होऊन उपयोगाचं राहिलं नसेल, तर मालकाला राजी करून, त्याला पैसे देऊन, मगच तोडावं. जबरदस्ती अजिबात नको. बायांनो, इथं बघा. कागदावर आलं, की झाड राजाचं नसतं, ज्यानं वाढवलं त्याचं असतं. तीनशे वर्षांपूर्वी एका सरकारी माणसानं हे लिहून ठेवलं. मी वर्गात हा उतारा शिकवायचे तेव्हा पोरं जहाजांकडं बघायची, मी लेकरांसारखी या शब्दाकडं.

मग इंग्रज आले. १८५३ साली निजामाकडं कर्ज थकलं म्हणून इंग्रजांनी वऱ्हाडाबरोबर आपला भागही स्वतःकडं घेतला. तेव्हा जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला. तिथं फिलिप मेडोज टेलर नावाचा अधिकारी आला आणि १८५७ पर्यंत राहिला. तो इथं रमला होता. त्यानं लिहिलेल्या तारा नावाच्या कादंबरीची सुरुवात आपल्या तुळजापुरातच होते. सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कामात त्यानं लक्ष घातलं होतं. १८६० साली हा मुलूख पुन्हा निजामाकडं गेला. साहेब गेले, निजाम गेला, मात्र रस्ता तोच राहिला. आज आपण त्याच वाटेनं लेकीकडं उमरग्याला जातो.

आता जरा कामाचं सांगते, कारण इतिहासाचं पुस्तक हे सांगत नाही. वड बियांपासून जमिनीत सहसा उगवत नाही. पाखरानं फळ खाऊन विहिरीच्या भिंतीत, देवळाच्या शिखरावर नाहीतर दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात टाकलं, की तिथं मात्र हमखास उगवतो. मग रस्त्याला इतके वड सरळ रांगेत लावायचे कसे? फांदीनं. हातभर नव्हे, मनगटाहून जाड आणि पुरुषापेक्षा उंच फांदी पावसाच्या तोंडावर कापायची, पानं काढायची, वरच्या टोकाला शेणमाती लावायची आणि हात-दोन हात खोल गाडायची. उंच फांदी एवढ्यासाठी, की फुटलेली पालवी शेळीच्या तोंडाला लागू नये. रस्त्याकडेचे वड असेच लावत. म्हणजे रांगेतली कितीतरी झाडं एकाच मूळ झाडाच्या फांद्या असू शकतात. एका अर्थानं जावा-जावा नव्हे, सख्ख्या बहिणीच. आणि खरं कष्टाचं काम पुढंच. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी हुकलं की फांदी वाळलीच म्हणून समजा.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर होती. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्यांना वेगळं सांगायला नको. खडी फोडायची, पाटीनं माती वाहायची, सुकडी मिळायची. मी तेव्हा लहान होते, धाकटा भाऊ अंगावर पिणारा. रस्त्याकडेला एक चिंच होती. कामावरच्या बायांनी तिच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या होत्या, प्रत्येक झोळीत एकेकीचं लेकरू. एक म्हातारी आजी तेवढी सगळ्यांवर लक्ष ठेवायची. दुपारी सुट्टीत आई यायची, भावाला पाजायची, पुन्हा उन्हात जायची. मला त्या चिंचेचा पाला आठवतो, झोळीत पडलेला, बारीक बारीक. त्या दुष्काळातून आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला, पुढं साऱ्या देशाला त्याचा दाखला झाला. त्याबद्दल पुस्तकं आहेत. त्या चिंचेबद्दल काही नाही. तो रस्ता पुढं रुंद झाला आणि चिंच गेली. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आले होते. आई म्हणाली, "आपली गेली." मी विचारलं कोण गेली, तर म्हणाली, "चिंच."

आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. ते मला कर्नाटकात सापडलं.

उमरगा, मुरूम, आळंद या बाजूच्या बायांना कन्नड कळतं. सालु म्हणजे रांग, मर म्हणजे झाड. सालुमरद तिम्मक्का, म्हणजे झाडांच्या रांगेची तिम्मक्का. बंगळूरच्या पलीकडं मागडी तालुक्यात हुलिकल नावाचं गाव आहे, तिथली ही बाई. शाळा शिकली नाही. दगडाच्या खाणीत मजुरी करायची. माझ्या आईसारखीच, दगड फोडणारी. नवऱ्याचं नाव चिक्कय्या. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल झालं नाही. अशा बाईला गाव काय काय बोलतं ते मी तुम्हांला सांगायची गरज नाही. मग दोघांनी ठरवलं, झाडंच वाढवायची. गावात वड बरेच होते. पहिल्या वर्षी दहा रोपं लावली, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. हुलिकलपासून कुदूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. दिवसभर मजुरी करून घागरींनी पाणी न्यायचं, चारेक किलोमीटरची पायपीट. काट्यांचं कुंपण करायचं. असं करत करत ३८५ वड झाले, अशी संख्या सांगतात. १९९१ साली नवरा गेला, तरी बाई थांबली नाही.

२०१९ साली तिला पद्मश्री मिळाली. राष्ट्रपती भवनात सगळे शिष्टाचारानं वागतात, पण ही बाई राष्ट्रपती कोविंदांसमोर गेली आणि तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. सारं सभागृह हसलं आणि टाळ्या वाजल्या. आपल्या घरातली आजी याहून वेगळं काय करेल? नोव्हेंबर २०२५ मध्ये ती गेली. वय ११४ वर्षं सांगितलं गेलं. साऱ्या इतिहासात रस्त्याच्या झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाचं नाव राहिलं असं मला हे एकच ठळक उदाहरण दिसतं, आणि ते नाव मजूर बाईचं आहे.

तिच्या झाडांवरसुद्धा कुऱ्हाड आलीच होती. पद्मश्री मिळाली त्याच वर्षी तो रस्ता रुंद करायचं निघालं. म्हातारी स्वतः मुख्यमंत्र्यांकडं गेली, म्हणाली झाडं तोडू नका, दुसरा मार्ग काढा. सरकारनं तसं बघू म्हणून सांगितलं. चेवेल्ल्याच्या वडांचंही तेच. रस्ता चौपदरी करायचा ठरला तेव्हा हैदराबादची निसर्गप्रेमी मंडळी राष्ट्रीय हरित लवादाकडं गेली. त्यांनी काय केलं, तर आधी एकेक झाड मोजलं, प्रत्येकाची जागा नोंदवली. आपण जे जवळपास नऊशे म्हणतो, ते त्या मोजणीतून. मोजलेलं झाड गुपचूप नाहीसं होत नाही.

पण एक बाजू सांगून मी दुसरी लपवणार नाही. आम्ही तिथून येऊन गेल्यावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्याच रस्त्यावर चेवेल्ल्याजवळ खडीनं भरलेला टिपर एसटीसारख्या प्रवासी बसवर आदळला. १९ माणसं गेली. सकाळची बस, तांडूरहून हैदराबादला निघालेली, त्यात शिकायला चाललेल्या मुली होत्या. बातमी वाचून मला ती सीताफळं विकणारी बाई आठवली. रस्ता अरुंद आहे, रहदारी वाढलीय, हे खरंच आहे. आपल्याच सोलापूर-धाराशिव रस्त्यावर चौपदरी होण्याआधी किती घरांतली माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. रस्ता नको असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर मला पटणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की झाडं एका बाजूला किंवा मधल्या पट्ट्यात ठेवून नवा पदर शेजारून नेता येतो का, हे कागदावर बघायला पाहिजे. बघितलं तर जमतं. सांगली जिल्ह्यात भोसे गावच्या यल्लम्मा देवीजवळचा वड तुम्ही ऐकला असेल, चारशे वर्षांचा सांगत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड तो आला. लोकांनी आवाज उठवला, तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्राला लिहिलं आणि २०२० साली रस्त्याची आखणी त्या वडापुरती सरकवली. हा तोच महामार्ग, जो आपल्या तुळजापूरवरून पुढं लातूर-नांदेडकडं जातो. भोशाला जो रस्ता वळला, तो आपल्या दारात वळायला काय हरकत होती, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आपल्या राज्यात अशा रांगा अजून आहेत. सातारा जिल्ह्यात सुरूर फाट्यावरून वाईला जाताना वडांची कमान लागते, महाबळेश्वरला जाणारी माणसं तिथं गाडी थांबवून फोटो काढतात. आणि शेजारच्या बीडचं एक मजेशीर सांगते. पालवणच्या उजाड डोंगरावर लोकांनी देवराई उभी केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं वृक्षसंमेलन भरवलं. साहित्य संमेलनाला अध्यक्ष असतो ना, तसा इथंही होता. अध्यक्ष कोण, तर वडाचं झाड! भाषण लांबलं नाही म्हणून सगळे खूश.

आता आमच्या गावच्या रस्त्याचं सांगते. फाट्यापासून गावापर्यंत जुन्या झाडांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. दोन वड, बाकी चिंचा आणि कडुनिंब. आषाढीला शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी धाराशिव-तुळजापूर करत सोलापूरकडं जाते, तेव्हा तिला मिळायला निघालेली आमच्या भागातली माणसं या झाडांखाली टेकतात. गेल्या वर्षी एक दिवस त्यातल्या काही बुंध्यांवर रंगानं आकडे घातलेले दिसले. कुणी घातले, कशासाठी, गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथून दुसऱ्या टेबलाकडं धाडलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. शेवटी एक बाबू म्हणाले, "ताई, झाडं सरकारी आहेत, तुमचा काय संबंध?"

हैदराबादला जायच्या आधीची मी असते तर परत आले असते. यावेळी आम्ही वही काढली. एका रविवारी शिवणाचा टेप घेऊन सगळ्या जणी गेलो. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजायचा, झाडाची जात लिहायची, रस्त्याची कुठली बाजू, कुठल्या शेतासमोर, त्यावर घरटी आहेत का, खाली विहीर किंवा देवाचा दगड आहे का. शाळेतल्या मुलींनी प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढला. म्हाताऱ्या माणसांना विचारून ज्या झाडाची जी आठवण, ती समोर लिहिली. एका चिंचेखाली पंचमीचा झोका असायचा. एका वडाखाली पंचायत बसायची. दुसऱ्या वडाला आम्ही ज्येष्ठात दोरा गुंडाळतो. सगळं वहीत आलं. तिची झेरॉक्स आणि अर्ज त्याच कार्यालयात दिला आणि पोच घेतली. ग्रामसभेत ठराव केला, त्याची नक्कल जोडली. अर्जात दोन गोष्टी विचारल्या, कुठली झाडं तोडायची आहेत आणि परवानगीचा कागद कुठाय. राज्यात १९६४ सालचा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं आहेत, परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. शहरातल्या बायांनो, तुमच्यासाठी आणखी एक. २०२१ साली शहरी भागाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. नगरपालिकेच्या हद्दीत पन्नास वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. गावाला तो नियम लागू नाही, हे मला पटत नाही, पण आहे ते असं आहे.

बाबूंनी या खेपेला खुर्ची दिली. वही उलटून पाहिली. पंचमीच्या झोक्यावर बोट ठेवून म्हणाले, आमच्या गावाला पण होती अशी चिंच. उत्तर अजून यायचंय. झाडं अजून उभी आहेत.

एक गोष्ट आमच्या आम्हीच बदलली, ती सांगते आणि थांबते. वटपौर्णिमेला आम्ही काही जणी बाजारातून वडाची फांदी आणून घरी पाटावर पूजत होतो. चालायला नको, गर्दी नको. ती फांदी दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर. मावशी म्हणाल्या, फांदी आणायचीच तर गाडण्याजोगी आणा. म्हणून गेल्या ज्येष्ठात, पाऊस पडल्यावर, आमच्या मोठ्या वडाच्या चार जाड फांद्या काढल्या आणि रस्त्याच्या मोकळ्या जागी शेताच्या बांधालगत गाडल्या, त्या शेतकऱ्याला विचारून. बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. एक वाळली. तिघींना पालवी फुटलीय. पाण्याच्या पाळ्या लावल्यात, आणि त्याच वहीत प्रत्येक झाडापुढं पाणी घालणाऱ्या बाईचं नाव लिहिलंय, वार लिहिलाय. मंगळवार माझा असतो.